जकात, करार आणि स्वराज्य



वसंत ऋतूत व्याख्याने करविण्याची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली पुण्यास सुरू केली, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच रानड्यांनी पुढे 1892 साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. त्याचा मथितार्थ असा होता की, अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत; इंग्लंड ज्या व्यापारनीतीने धनवान झाले, तीच नीती हिंदुस्थानलाही तारील असे धरून चालणे ही चूक आहे. तेव्हा आजचा विषय आम्ही कोठून दुरून आणलेला नाही. तो या व्याख्यानमालांच्या घरचाच आहे.

विषय असा आहे : परदेशी मालावर जकात बसवून स्वदेशी धंद्याचे रक्षण करावे, की राष्ट्राराष्ट्रांत करार करून व्यापार मोकळा करावा? आणि असा करार केला, तर राष्ट्राचे सार्वभौमत्व कितपत शिल्लक राहते? या प्रश्नावर दोन तट पडलेले आपण रोज पाहतो. एक म्हणतो, करार म्हणजे गुलामी. दुसरा म्हणतो, जकात म्हणजे आळशाला पोसणे. दोन्ही वाक्ये टाळ्या घेणारी आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत.

माळेगावच्या माणसाला हे समजावून सांगण्यास मोठाल्या ग्रंथांची गरज नाही. नीरा डावा कालवा वाहू लागल्याला आता सुमारे एकशेचाळीस वर्षे होतील. पाटाचे दार कायमचे बंद ठेवले तर पीक जळते, आणि कायमचे उघडे ठेवले तर वरच्याची जमीन चिबडते, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी येत नाही, हे येथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. दार असावे की नसावे, यावर कालव्याकाठी भांडण होत नाही. भांडण होते ते पाळी कोणी ठरवली आणि ठरविताना आम्हांला विचारले का, यावर. आमचे आजचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती फिरणार आहे, आणि त्याला आधार म्हणून आम्ही आपल्याच शिवारातले पीक घेणार आहोत. ते म्हणजे ऊस.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी साखरेला 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशस बेटावरून आला. म्हणजे ज्या देशात ऊस पुरातन काळापासून पिकतो, त्या देशात पांढऱ्या साखरेचे नावच परदेशी होते! मॉरिशसच्या मागून युरोपातली बीटाची साखर आली. तिला तेथील सरकारे निर्यातीवर बक्षिसे देत, म्हणून ती येथे स्वस्त पडे. 1899 साली कर्झनच्या सरकारने तिच्यावर भरपाईची जकात बसविली. परंतु त्या जकातीत हिंदी शेतकऱ्याइतकाच मॉरिशसच्या मळेवाल्यांचाही विचार होता. त्यानंतर जावाची साखर आली. 1930 च्या सुमारास दरसाल आठ-दहा लाख टन परदेशी साखर या देशात उतरत होती, आणि तिच्यात मोठा वाटा जावाचा होता. येथला ऊस मात्र गुऱ्हाळात जाई, काहिलीत आटे आणि गुळाची ढेप होऊन बाजारची वाट धरी.

1932 साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे एक्कावन्न किलोंना, 7 रुपये 4 आणे जकात बसली आणि तिच्यावर पंचवीस टक्के अधिभार चढला. परिणाम डोळे दिपविणारा झाला. देशात तीसेक कारखाने होते, ते पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. जावाची साखर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या शेजारी इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे राहिले ते याच दशकात, आणि सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरचा कारखाना काढला तोही याच सुमारास. संरक्षणाने धंदा उभा राहतो, हे सिद्ध करण्यास याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

परंतु येथेच थांबून टाळ्या वाजविल्या तर आपण अर्धीच गोष्ट ऐकली असे होईल. ही जकात कोणी भरली? साखर विकत घेणाऱ्याने भरली. स्वस्त जावा-साखर सोडून त्याने महाग देशी साखर खाल्ली. आणि ती कोणाच्या हाती पडली? मुख्यतः कारखानदाराच्या. उसाला किमान भाव बांधून देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देणारा कायदा 1934 साली करावा लागला, यातच सारे आले. संरक्षण दिल्याबरोबर ते शेतकऱ्यापर्यंत आपोआप झिरपले असते, तर या दुसऱ्या कायद्याची जरुरी पडली नसती. आपल्या दख्खनच्या कालव्यांवर तर अनेक कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकविला. जमिनीचा मालक आपल्याच शिवारात मजूर झाला. जकातीची भिंत देशाभोवती होती खरी, पण भिंतीच्या आतही वरचा आणि शेवटचा हा भेद उरलाच होता.

हा भेद मोडला तो जकातीने नव्हे, तर सहकाराने. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या श्रमांतून प्रवरेचा कारखाना 1950-51 च्या हंगामात चालू झाला. त्याच्या पाठोपाठ नीरेच्या पाण्यावर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर ही नावे साखरेच्या नकाशावर आली. आणि लक्षात घ्या, 1932 चे संरक्षण 1950 मध्ये काढून घेण्यात आले होते. म्हणजे जकातीने धंदा देशात आणला आणि सहकाराने तो शेतकऱ्याच्या घरात आणला. ही दोन कामे निराळी आहेत. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही.

आता सार्वभौमत्वाकडे वळू. 1937 साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय साखर करार झाला. जगात साखर उदंड झाली होती, तेव्हा कोणी किती विकावी याची वाटणी ठरली. त्या वाटणीत हिंदुस्थानच्या पदरात काय पडले? ब्रह्मदेश वगळता समुद्रमार्गे कोठेही साखर पाठवू नये हे बंधन! पाच वर्षांत पायावर उभा राहिलेला धंदा, आणि त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मनाई. केंद्रीय विधिमंडळात या कराराला विरोध झाला. परंतु सत्ता परक्याची होती. सही आपल्या नावाची आणि हात दुसऱ्याचा, अशी ती स्थिती होती. सार्वभौमत्व नसणे म्हणजे काय, हे शिकण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

पुढे स्वराज्य आले. हात आपला झाला. मग 15 एप्रिल 1994 रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे आपल्याच सरकारने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली आणि 1 जानेवारी 1995 पासून ती संघटना अस्तित्वात आली. या कराराआधी, डंकेल मसुद्याच्या वेळी, महाराष्ट्रात जो वाद झाला तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. देशातल्या बहुतेक शेतकरी चळवळी विरोधात असताना शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे सोपे होते : भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नाही, उलट सरकार निर्यातबंद्या, लेव्ही आणि स्वस्त आयाती यांच्या द्वारे त्याचा भाव पाडते, तेव्हा सरकारचे हात बांधणारा करार शेतकऱ्याला मारक नसून तारक आहे. कर्नाटकात नंजुंडस्वामी नेमके उलट सांगत होते.

शरद जोशींचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी पटत नाही. परंतु त्यात जो काटा आहे, तो सार्वभौमत्वाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पायात रुतवून घेतला पाहिजे. कारण सार्वभौमत्वाचे हत्यार नेहमी परदेशी व्यापाऱ्यावरच चालते असे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली आणि मे 2024 मध्ये ती उठली. हे जिनीव्हाने केले नाही, दिल्लीने केले. साखरेचेही तेच. 2019-20 च्या हंगामात निर्यातीसाठी टनामागे 10,448 रुपये साहाय्य द्यावे लागत होते. 2021-22 साली जगात भाव चढले आणि निर्यातीच्या अनुदानाशिवाय शंभर लाख टनांहून अधिक साखर बाहेर गेली. कुबडी टाकून धंदा चालू लागला म्हणावे, तोच जून 2022 पासून निर्यातीवर मर्यादा आली आणि 2023-24 च्या हंगामात दार बंदच झाले. शहरातल्या गिऱ्हाईकाला साखर महाग होऊ नये हा हेतू वाईट नाही. पण भाव पडला की शेतकऱ्याने सोसावे आणि भाव चढला की दार लावावे, असा सार्वभौमत्वाचा एकतर्फी अर्थ होत असेल, तर शेतकरी खुल्या व्यापाराकडे आशेने पाहील, यात नवल ते काय?

मग खुल्या व्यापाराची बाजूच खरी मानावी काय? तेथेही दिव्याखाली अंधार आहे. 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध साखरेची तक्रार गुदरली. तक्रार होती उसाच्या एफआरपीविषयी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराविषयी, आणि निर्यातीच्या अनुदानाविषयी. भारताचे उत्तर असे की, एफआरपी कारखाना देतो, सरकार आपल्या तिजोरीतून देत नाही. मग ते सरकारी साहाय्य कसे? 14 डिसेंबर 2021 रोजी निवाडा भारताविरुद्ध गेला. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारताने ऊसउत्पादकांना दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे साहाय्य दिले, असे त्या मंडळाने ठरविले.

आता हे साहाय्य मोजतात कसे, ते ऐकण्यासारखे आहे. सरकारने बांधून दिलेला भाव घ्यावयाचा, आणि त्यातून 1986 ते 1988 या काळातला एक ठरीव बाहेरचा भाव वजा करावयाचा. जी वजाबाकी राहील तिला उत्पादनाने गुणावयाचे. झाले साहाय्य! 1986 साली डिझेल काय भावाने होते, खताचे पोते कितीला मिळत होते, मजुरी काय होती, याचा या गणितात जवळजवळ पत्ताच नाही. सरकारने एक रुपयाही न देता, केवळ तीस वर्षांची महागाई ही शेतकऱ्याला मिळालेली देणगी ठरते. आमच्या मते हा हिशेब अन्यायाचा आहे. पण तितकीच खरी गोष्ट ही की, या हिशेबाच्या कागदावर आपली सही आहे. भारताने त्यावर अपील केले. परंतु अपील ऐकणारे पीठच डिसेंबर 2019 पासून चालत नाही, कारण अमेरिकेने त्यावरच्या नेमणुका अडवून धरल्या. अर्थात त्यामुळे आपल्याविरुद्धचा निकाल लागू झाला नाही. ज्या कराराने बलवानास आणि दुर्बलास एकच नियम लावू असे सांगितले, त्याचे न्यायालय बलवानाने बंद पाडले, आणि त्या बंद दाराचा आडोसा आज आपल्यालाही मिळाला आहे. हा आडोसा आहे, न्याय नव्हे.

आणि जे दुसऱ्यास मोकळ्या व्यापाराचा उपदेश करतात, ते स्वतः साखरेच्या बाबतीत काय करतात? अमेरिका कोट्याबाहेरच्या परदेशी साखरेवर जबर जकात ठेवून आपला ऊसवाला आणि बीटवाला सांभाळते. 2005 साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात खुल्या व्यापाराचा करार अमलात आला, त्यात साखर बाहेर ठेवली गेली. युरोपने साखरेचा कोटा ठेवला तो 2017 पर्यंत. म्हणजे ज्याचे त्याचे दार ज्याच्या त्याच्या सोयीने. यात आम्ही त्यांना दोष देत नाही. आपल्या शेतकऱ्याची काळजी घेणे हा गुन्हा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, आपण ती घेतली तर तोही गुन्हा नसावा. आपणही साखरेची आयात-जकात फेब्रुवारी 2018 मध्ये शंभर टक्क्यांवर नेलेली आहे.

उसाइतकाच हा प्रश्न दुधाचा आहे, आणि बारामती-इंदापूरकडे उसाच्या जोडीला गोठा नाही असे घर विरळा. आशिया-प्रशांत भागातील पंधरा-सोळा देशांच्या मोठ्या व्यापारी करारातून, ज्याला आरसेप म्हणत, भारत 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे बाहेर पडला. त्यात न्यूझीलंड होते. न्यूझीलंड आपल्या दुधातला फारच थोडा भाग घरी वापरते. बाकीचे भुकटी-लोण्याच्या रूपाने जगभर जाते. कोणी म्हणेल, आपल्या एवढ्या प्रचंड उत्पादनापुढे त्यांची भुकटी ती किती येणार? परंतु बाजारभाव साऱ्या दुधावर ठरत नाही, उरलेल्या दुधावर ठरतो. 2018 साली देशातल्या देशात भुकटीचा साठा वाढला, तर गाईच्या दुधाचा भाव लिटरला सतरा-अठरा रुपयांवर घसरला आणि शेतकऱ्यांनी जुलै महिन्यात दूध रस्त्यावर ओतले. बाहेरची भुकटी नसताना ही गत, तर असताना काय झाले असते याचा विचार ज्याचा त्याने करावा. दुसरीकडे याच दोन तालुक्यांतला द्राक्षवाला आणि डाळिंबवाला परदेशी दार उघडण्याची वाट पाहत असतो. एकाच घरात थोरल्या भावाचा गोठा आणि धाकट्याची द्राक्षबाग असेल, तर एकाच करारावर त्या घरात दोन मते पडतील, आणि दोन्ही खरी असतील.

यावरून आम्ही काय सांगू इच्छितो? एवढेच की, संरक्षण चांगले की खुला व्यापार चांगला, या प्रश्नाला एक उत्तर नाही. परंतु दोहोंना लावावयाच्या कसोट्या आहेत, आणि त्या तीन आहेत.

पहिली कसोटी मुदतीची. संरक्षण हे रोपाला घातलेले कुंपण आहे. 1932 च्या कायद्याने मुदत घालून दिली होती. आपण हल्ली जकात बसवितो ती कधी उठणार हे सांगत नाही, आणि उठवितो ती का उठविली हेही सांगत नाही. ज्याला पाच वर्षांनी काय होणार हे ठाऊक नाही, तो बारा-अठरा महिन्यांचे पीक कशाच्या भरवशावर उभे करील?

दुसरी कसोटी पोचण्याची. गिऱ्हाइकाने जकातीपायी जो जास्तीचा पैसा मोजला, तो शेवटच्या माणसापर्यंत पोचला का? येथे शेवटचा माणूस म्हणजे सभासद शेतकरी नव्हे. बीडकडून बैलगाडी आणि बायकोमुलांसह येऊन थंडीत पाचटाच्या खोपीत राहणारा ऊसतोड मजूर हा शेवटचा माणूस. राष्ट्राच्या नावाने जकात मागावयाची आणि तिच्या वाटपात राष्ट्राचा सर्वांत गरीब माणूस विसरावयाचा, हे संरक्षण नव्हे, मक्ता आहे. हे आम्हांस अप्रिय वाटले तरी येथेच बोलले पाहिजे, कारण या कारखान्यांच्या फडात तोच राबतो.

तिसरी कसोटी विचारण्याची, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी. करार म्हणजे गुलामी असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : कारखान्याचा सभासद होताना आपण काय करतो? आपला ऊस कारखान्यालाच घालीन असे पोटनियमाने स्वतःला बांधून घेतोच ना? म्हणून आपण गुलाम होतो काय? होत नाही. कारण ते पोटनियम सर्वसाधारण सभेपुढे येतात, विषयपत्रिका आधी हाती पडते, तेथे उभे राहून विरोध करता येतो आणि हात वर करून मत देता येते. बंधन आहे, पण ते आपण घालून घेतलेले आहे. स्वराज्य याहून निराळे काही नाही.

आता राष्ट्राच्या करारांना हीच कसोटी लावून पाहा. शेती हा आपल्या घटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. परंतु परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे, आणि त्यासाठी आधी संसदेची संमती घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. माराकेशच्या वेळी नव्हते, आजही नाही. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापारी करार झाला. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याप्रमाणे असा करार पार्लमेंटच्या बैठकीच्या एकवीस दिवसांसाठी सभागृहापुढे ठेवावा लागतो, तेव्हाच तो पक्का होतो. युरोपीय संघाचे व्यापारी करारही युरोपीय संसदेच्या संमतीवाचून पुरे होत नाहीत. म्हणजे एकच कागद तिकडे लोकप्रतिनिधींपुढे ठेवावा लागतो आणि इकडे तसे बंधन नाही! 1937 साली हात परक्याचा होता, म्हणून विधिमंडळाला कोणी जुमानले नाही. आता हात आपला आहे. मग विधिमंडळाला आधी विचारण्याची सक्ती अजून का नसावी?

यावर असे सांगण्यात येते की, वाटाघाटी उघड्यावर करता येत नाहीत. समोरच्याला आपले पत्ते दिसतात. हे खरे आहे. वाटाघाट गुप्त असावी, हे आम्ही मान्य करतो. परंतु वाटाघाटीला बसण्यापूर्वी काय द्यावयाचे नाही हे संसदेत आणि राज्यांशी बोलून ठरविता येते, आणि मसुदा पुरा झाल्यावर, तो पक्का होण्यापूर्वी, तो सभागृहापुढे ठेवता येतो. याने सरकारचा हात दुबळा होत नाही. उलट 'माझी संसद हे मान्य करणार नाही' असे म्हणण्याची सोय होते. अमेरिकेचे वाटाघाटकार आपल्या काँग्रेसकडे बोट दाखवून हेच करीत आले आहेत.

श्रोतेहो, ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात चढविली तेव्हा सार्वभौमत्व हा शब्द पुष्कळांच्या तोंडी आला. संकटात तो आठवला, हे चांगले झाले. पण तो केवळ दुसऱ्याने दुखविल्यावर आठवावयाचा शब्द नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेला आपण जातो, ताळेबंद मागतो, उसाच्या बिलातल्या पाच-दहा रुपयांवरून रात्र होईपर्यंत भांडतो. तीच चिकाटी राष्ट्राच्या सभेविषयी दाखविली पाहिजे. आपल्या मतदारसंघाचा खासदार पुढच्या वेळी भेटेल तेव्हा रस्ता आणि पूल यांबरोबर त्याला एवढेही विचारा की, आमच्या दुधाविषयीचा, साखरेविषयीचा, द्राक्षांविषयीचा करार पक्का होण्यापूर्वी तुम्ही वाचला होता काय?

हा प्रश्न विचारण्याची सवय माळेगावला लागली, तर दार उघडे असो वा बंद, पाळी आपल्या हाती राहील.